एकास पस्तीस : प्लास्टिकच्या रणगाड्याची घडण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी या शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय हे विषय शिकवले. वेळापत्रकात या विषयांना शेवटचे तास मिळत आणि गुणपत्रिकेत शेवटच्या ओळी. तरीही पुठ्ठा कापताना पट्टी कशी धरावी, रंधा लाकडाच्या कोणत्या दिशेने फिरवावा, हे त्यांच्याकडून शिकलेली पिढी आज या सभागृहात बसली आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अशा प्रसंगी संतसाहित्यावर किंवा हैदराबादेतील मराठीच्या भवितव्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र प्लास्टिकचा लहान रणगाडा कसा जुळवतात आणि त्यावर तपशिलाचे काम कसे करतात, या विषयावर बोलणार आहे. नातवासाठी आणलेला एक संच, तो शिक्षणासाठी परगावी गेल्यावर माझ्याकडे राहिला आणि सत्तरीत मी तो उघडला. तेव्हापासून हा उद्योग सुटलेला नाही. गुरुजींना हा विषय रुचला असता, असे मला वाटते.

आरंभी शब्दाकडे पाहू. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने हे यंत्र गुप्तपणे बनवायला घेतले, तेव्हा कारखान्यातील लोकांना ती पाणी वाहण्याची टाकी वाटावी म्हणून त्याला ‘टँक’ हे फसवे नाव देण्यात आले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सॉमच्या आघाडीवर ते प्रथम रणात उतरले, आणि फसवे नावच कायम झाले. गंमत अशी की इंग्रजी कोशकार ‘टँक’ या शब्दाचे मूळ सांगताना पोर्तुगीज शब्दाबरोबर गुजराती ‘टांकुं’ आणि मराठी ‘टाके’ यांचाही निर्देश करतात. आपल्या डोंगरी किल्ल्यांवरचे पाण्याचे टाके असे सातासमुद्रापलीकडे जाऊन तोफ घेऊन परतले. मराठीने ते नाव न स्वीकारता ‘रणगाडा’ असा स्वतंत्र शब्द घडवला. तो अधिक प्रामाणिक आहे, कारण वस्तू कशासाठी आहे हे तो लपवत नाही. प्रतिकृती करणाऱ्यानेही ते लपवू नये, या मुद्द्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता प्रत्यक्ष वस्तू. खोके उघडले की आत प्लास्टिकच्या चौकटी असतात. फांदीला फळे लागावीत तसे त्या चौकटींना शेकडो सुटे भाग चिकटलेले असतात : चाके, झाकणे, कड्या, दिवे, फावडे, कुऱ्हाड. सोबत क्रमवार आकृत्यांची पुस्तिका आणि अंक-चिन्हांचा पाण्यात भिजवून उतरवायचा कागद. या छंदात सर्वांत रूढ असलेले प्रमाण एकास पस्तीस हे आहे. हा आकडा विचित्र वाटतो. पन्नास नाही, पंचवीस नाही, पस्तीसच का ? त्याचे उत्तर जपानमधील शिझुओका शहरात आहे. तेथील तामिया ही कंपनी मुळात लाकडाचा धंदा करी. १९५१ च्या आगीत तिचा लाकूडसाठा भस्मसात झाला, आणि पुढे ती लाकडी प्रतिकृतींकडून प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचा संच काढला. मुलांना तो चालवता यावा म्हणून पोटात विजेची मोटर आणि बॅटरीचे सेल बसवायचे होते. ते मावतील एवढा रणगाडा आखला, आणि नंतर मोजून पाहिले तेव्हा मूळ वस्तूशी त्याचे प्रमाण एकास पस्तीसच्या जवळपास भरले. पुढे जगभरच्या उत्पादकांनी तेच प्रमाण उचलले. ज्यांच्या हातून हे घडले ते शुन्साकु तामिया २०२५ च्या जुलैत निवर्तले. सोयीसाठी पडलेला पायंडा पुढे शास्त्र म्हणून पाळला जातो, हे भाषेच्या अभ्यासकाला नवे नाही. आपले शुद्धलेखन आठवून पाहा.

मी जो रणगाडा बनवला तो ‘सेंच्युरियन’. मूळचा ब्रिटिश. त्याचे वजन सुमारे ५२ टन, रुंदी सुमारे ३.४ मीटर, उंची ३ मीटर. पस्तीसने भागले की रुंदी ९.७ सेंटिमीटर येते आणि उंची साडेआठ सेंटिमीटर. म्हणजे तो तळहातावर मावतो. इथपर्यंत गणित सरळ आहे. पण पुढे ते फसवे होते. वजन लांबीप्रमाणे घटत नाही, घनाने घटते. पस्तीसचा घन ४२,८७५. त्याने ५२ टनांना भागले तर सुमारे १,२०० ग्रॅम येतात. प्लास्टिकची पोकळ प्रतिकृती त्याहून कितीतरी हलकी असते. त्यामुळे ती जमिनीवर ‘बसत’ नाही, नुसती ठेवल्यासारखी दिसते. खऱ्या रणगाड्याचा लोखंडी पट्टा स्वतःच्या भाराने चाकांमध्ये सैल लोंबतो; प्लास्टिकचा पट्टा ताठ राहतो. ज्या रणगाड्यांचा वरचा पट्टा उघडा असतो, त्यांत हा ताठपणा लगेच डोळ्यांत भरतो. मग कारागीर पट्ट्याची एकेक कडी ओवतो, तो सैल सोडतो, बारीक दोऱ्याने खाली ओढून चिकटवतो. जे वजन वस्तूत नाही, ते तो दृष्टीला दाखवतो.

जाडीचेही तसेच. एक मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे मूळ मापात साडेतीन सेंटिमीटर पोलाद. बुरुजाला तेवढी जाडी शोभते. पण मूळ मडगार्डचा पत्रा दोन-तीन मिलिमीटरचा असेल, तर प्रतिकृतीत तो लिहिण्याच्या कागदाहूनही पातळ हवा. साच्यातून एवढे पातळ प्लास्टिक निघत नाही. म्हणून कडा आतून कानसून पातळ करतात, किंवा तो भाग काढून त्या जागी पितळेचा तलम पत्रा बसवतात. धुळीचे तर विचारूच नका. खऱ्या धुळीचा दशांश मिलिमीटरचा कण प्रतिकृतीवर पडला, की तो मूळ मापात साडेतीन मिलिमीटरचा खडा होतो. म्हणून खरी माती वापरली तर ती खोटी दिसते. धूळ रंगाने काढावी लागते. रंगसुद्धा मूळ डब्यातला जसाच्या तसा लावला तर लहान वस्तूवर अधिक गडद भासतो. त्यात थोडा फिका रंग मिसळावा लागतो.

श्रोतेहो, या साऱ्याचे तात्पर्य असे, की प्रत्येक गोष्ट पस्तीसने भागून सत्य लहान होत नाही. काही गोष्टी मोजून लहान कराव्या लागतात, काही समजून. अनुवाद करणाऱ्यांना आणि चरित्रे लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असते. ऐंशी वर्षांचे आयुष्य तीनशे पानांत आणायचे, तर प्रत्येक दिवसाला सारख्या ओळी देऊन चालत नाही.

आता जुळणी. भाग चौकटीपासून कापताना घाई केली तर कडेला पांढरा ओरखडा राहतो; म्हणून थोडे अंतर ठेवून कापायचे, मग पात्याने तासायचे, मग पॉलिश पेपरने घासायचे. जोडण्यासाठी जे पातळ द्रावण वापरतात, ते डिंकासारखे मध्ये बसत नाही. ते दोन्ही कडांचे प्लास्टिक विरघळवते आणि उडून जाते. दोन्ही कडा एकजीव होतात. गुरुजींच्या भाषेत हा चिकटवलेला जोड नसून सांधा आहे. फट राहिली तर लांबी भरायची, वाळू द्यायची, पुन्हा घासायची. चाके, झाकणे यांची ही कामे संपायला आठवडे लागतात. या टप्प्यावर पुस्तिकेबरहुकूम रणगाडा पुरा होतो. अनेक जण येथे थांबतात, आणि त्यात काही उणे नाही.

तपशिलाचे काम यापुढे सुरू होते. संचातील उचलण्याची कडी बहुधा साच्यातच ओतलेली, भरीव असते. ती छाटून अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार वाकवून बसवायची. मूळ मापात ती साडेसतरा मिलिमीटरची सळई होते. ओढण्याचा पोलादी दोर हवा तर जुन्या ट्रान्सफॉर्मरमधील बारीक तारा पिळायच्या. बिनतारी यंत्राची काडी हवी तर चौकटीचा उरलेला तुकडा निरंजनाच्या ज्योतीवर मऊ करून दोन्ही हातांनी ओढायचा. केसाएवढा बारीक धागा निघतो. चहाचा वाळवलेला चोथा रस्त्याकडेचा पालापाचोळा होतो. घरातील कोणतीही वस्तू टाकून देण्यापूर्वी मंडळी मला विचारू लागली, एवढा या छंदाचा घरावर परिणाम झाला आहे.

पण कोणता तपशील घालायचा, हा खरा प्रश्न. येथे माझा जुना व्यवसाय मला उपयोगी पडला. सेंच्युरियन एकच नव्हे; त्याचे अनेक ‘मार्क’ म्हणजे आवृत्त्या झाल्या. कोणात इंधनाची साठवण वाढली, कोणात तोफ बदलली. खोक्यात एक आवृत्ती असते, आपल्याला हवी असते दुसरी. मग छायाचित्रे गोळा करायची. छायाचित्र कृष्णधवल असेल तर रंग सांगत नाही. एका बाजूने घेतलेले असेल तर दुसरी बाजू सांगत नाही. संग्रहालयात उभा असलेला रणगाडा मापाला विश्वसनीय, पण त्याच्यावर नंतरच्या रंगाचे थर चढलेले असतात, काही साहित्य गळालेले असते, काही नंतर बसवलेले असते. हस्तलिखितांच्या प्रती पडताळणाऱ्याची हीच अडचण असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत यापुढे कोणी आपली ओवी घुसडू नये, अशी ताकीद दिली. प्रतिकृतीवर आपल्या हौसेची एक जादा पेटी, एक जादा कुऱ्हाड चिकटवण्याचा मोह होतो, तेव्हा मला नाथांची ती ताकीद आठवते. तपशील शोभेसाठी घातला की तो प्रक्षेप होतो. पुराव्याने घातला तर तो पाठ होतो.

रंगकामातही हा मोह असतो. १९७० आणि १९८० च्या दशकांत बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन आणि अमेरिकेचे शेपर्ड पेन यांच्यासारख्या कारागिरांनी या कामाला नवी दृष्टी दिली. गडद, पातळ रंग खाचांतून वाहू द्यायचा, म्हणजे सावली येते. कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग पुसायचा, म्हणजे प्रकाश येतो. पेन यांनी तर देखाव्यात माणसे कोठे उभी करावी, कथा कशी सांगावी, यावर पुस्तक लिहिले. त्यानंतर मात्र गंजाची आणि चिखलाची चढाओढ सुरू झाली. प्रदर्शनांत असे रणगाडे दिसतात, की जणू पन्नास वर्षे समुद्रकाठी पडून होते. विचार करावा : रोज देखभाल होणारी, सतत चालणारी गाडी एवढी गंजेल का ? तिच्यावर धूळ असेल, चिखल असेल, तेलाचे डाग असतील, ज्या ठिकाणी शिपाई पाय ठेवून चढतात तेथला रंग झिजून धातू चमकत असेल. झीज कोठे दाखवायची, हे ठरवण्यासाठी त्या गाडीत राहणारी माणसे डोळ्यांसमोर आणावी लागतात.

सेंच्युरियनमध्ये चौघे असत : प्रमुख, गोलंदाज, गोळा भरणारा आणि चालक. आत पाणी उकळण्याचे विजेवरचे भांडे असे. त्यावर चहा होई, जेवण गरम होई. बाहेरून ते दिसत नाही, म्हणून संचात त्याला स्थान नाही. पण ते तेथे होते हे कळल्यावर बुरुजाची झाकणे माझ्या दृष्टीने बदलली. ती नुसती झाकणे राहिली नाहीत. चार माणसांच्या घराची दारे झाली.

आता मूळ मुद्द्याकडे. मी जो रणगाडा निवडला तो पूना हॉर्स या रिसाल्याचा आहे. या रिसाल्याच्या नावात पुणे आहे, आणि त्याच्या इतिहासात आपले हैदराबादही आहे. १९६५ च्या युद्धात या रिसाल्याचे नेतृत्व करताना लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर १६ सप्टेंबर रोजी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पूना हॉर्समध्ये येण्यापूर्वी ते हैदराबाद संस्थानच्या फौजेत अधिकारी होते. याच रिसाल्याचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागातील बसंतर नदीच्या लढाईत पडले. गाडी पेटली असतानाही, तोफ चालते आहे तोवर ती सोडण्यास त्यांनी नकार दिला. त्यांनाही परमवीर चक्र मिळाले. वय २१. त्यांच्या सेंच्युरियनचे नाव होते ‘फॅमागुस्टा’. हे सायप्रसमधील एका बंदराचे नाव आहे. तो रणगाडा पुढे दुरुस्त करून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, चिलखती दलाच्या केंद्रात जतन केला आहे.

फॅमागुस्टा बनवायचा ठरल्यावर एका स्नेह्यांनी मला परखडपणे विचारले, की ज्या पेटीत माणसे जळाली, तिचे खेळणे करून दिवाणखान्यात ठेवण्यात कोणती अभिरुची आहे ? हा आक्षेप मी हलका मानत नाही. युद्धाची आठवण सुबक झाली की ती सोपी होते, आणि सोपी झालेली आठवण पुढच्या युद्धाला उपयोगी पडते. या छंदात गुंतलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे.

त्यावर माझे उत्तर मी कामातून शोधले. प्रतिकृती करणाऱ्याला एक क्षण निवडावा लागतो. वस्तूचे सारे आयुष्य एकदम दाखवता येत नाही. मला तिघांतून निवड करायची होती : जळालेला रणगाडा, संग्रहालयातला नवा रंग दिलेला रणगाडा, किंवा आदल्या दिवसाचा. पहिला करण्याचे कौशल्य कारागिरांपाशी असते. काजळी, करपलेला रंग, छिद्राभोवतीची धातूची कड, सारे साधता येते. पण ते साधताना हाताला जे समाधान मिळाले असते, ते मला नको होते. दुसरा करणे म्हणजे स्मारकाची प्रतिकृती, स्मरणाची नव्हे. मी तिसरा निवडला : १५ डिसेंबर १९७१, दिवस मावळण्यापूर्वी. गाडी धड आहे. पट्ट्यांवर ओली माती आहे, झाकणे उघडी आहेत. प्रमुखाच्या झाकणाच्या कडेचा रंग हात टेकून टेकून झिजला आहे. बुरुजावर कोणी माणूस मी बसवलेला नाही. पाच सेंटिमीटरच्या पुतळीला खेत्रपालांचा चेहरा देणे माझ्या अधिकारातले नव्हते. गाडीत चौघे होते. आपल्यापैकी बहुतेकांना नाव एकाचेच ठाऊक आहे. उघडी दारे चौघांची आहेत.

याच लढाईची आणखी एक बाजू नंतर उजेडात आली. अरुण यांचे वडील, स्वतः निवृत्त ब्रिगेडियर, २००१ मध्ये सरगोधा हे आपले मूळ गाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. तेथे ज्या पाकिस्तानी अधिकाऱ्याच्या घरी त्यांचा पाहुणचार झाला, त्यानेच त्यांना सांगितले, की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात आपण होतो आणि तुमच्या मुलाचा मृत्यू आपल्या हातून झाला. यजमानाने हे सांगण्याचे धैर्य दाखवले आणि पित्याने ते ऐकून घेतले. हा प्रसंग कोणत्याही प्रमाणात लहान करता येत नाही. मात्र तो वाचल्यानंतर माझ्या टेबलावरच्या रणगाड्यासमोरची मोकळी जागा मला रिकामी दिसेनाशी झाली. समोरही एक गाडी होती, तिलाही झाकणे होती, आतही माणसे होती.

माझ्या स्नेह्यांना मी एवढेच म्हणालो, की खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक करतो तो तपशील. खेळण्यातला रणगाडा कोणाचाही असतो, कधीचाही असतो, म्हणून तो निर्दोष वाटतो. कोणाचा, कोठला, कोणत्या दिवशीचा, हे प्रश्न विचारले की निर्दोषपणा संपतो आणि जबाबदारी सुरू होते. ते पुढे काही बोलले नाहीत. पण नंतर एकदा भिंग मागून घेऊन त्यांनी ती झिजलेली कड बराच वेळ पाहिली.

शेवटी शाळेविषयी. हस्तव्यवसायाचा तास गेला, त्याबरोबर एक शिस्तही गेली. चुकीचे वाक्य कागदावर निमूट पडून राहते. चुकीचा सांधा लगेच उघडा पडतो. हाताने काम करणाऱ्या मुलाला ‘साधारण असे असेल’ म्हणून भागवता येत नाही, त्याला मोजावे लागते आणि जाऊन पाहावे लागते. भाषा शिकवताना मी जन्मभर हेच सांगण्याचा प्रयत्न केला : ‘शौर्य’, ‘बलिदान’ असे मोठे शब्द लिहिण्यापूर्वी त्यांच्या आतली माणसे मोजा. आठवीच्या मुलांना हे मी व्याख्यानाने पटवू शकलो नसतो. एखादा संच, एक कानस आणि आठ शनिवार दिले, तर कदाचित पटवता येईल. संस्थेची अनुमती असेल तर ते आठ शनिवार द्यायला मी तयार आहे, आणि फॅमागुस्टा या शाळेच्या प्रयोगशाळेतील काचेच्या कपाटात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. त्याच्या पाटीवर रिसाल्याचे नाव, रणगाड्याचे नाव आणि १५ डिसेंबर १९७१ ही तारीख एवढेच लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी काय झाले, ते मुलांनी विचारावे आणि शिक्षकांनी सांगावे.

 गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करून मी माझे भाषण संपवतो.